सुईची ऐंशी लाख भोकं

[उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रातलं स्पिट्सबर्गन. डान्सकोया बेटाचा किनारा. विखुरलेल्या फळ्या, गंजलेलं लोखंड.]

या फळ्या एका घराच्या आहेत. माणसांच्या नव्हे, उत्तर ध्रुवावर निघालेल्या एका मोहिमेच्या फुग्याच्या. इथलं सगळंच लोखंड मात्र त्या मोहिमेचं नाही. वेलमन नावाचा एक अमेरिकन पत्रकार १९०६ पासून इथूनच हवाई जहाज उडवायची खटपट करत होता. त्याचाही पसारा यात मिसळलाय. आपल्याला त्याच्या दहा वर्षं मागे जायचंय.

[जुना फोटो: बंदराकाठी उभं लाकडी घर, आत फुगा.]

सालोमन ऑगस्ट आन्द्रे. स्वीडनच्या पेटंट कार्यालयातले इंजिनिअर. जहाजं बर्फात अडकतात, कुत्र्यांच्या गाड्या थकतात, मग उत्तर ध्रुवावर वरूनच का जाऊ नये, असा त्यांचा सवाल. हायड्रोजनचा फुगा, दक्षिणेचा वारा, तीन माणसं. पैशांसाठी आल्फ्रेड नोबेल पुढे आले. राजे दुसरे ऑस्कर यांनीही मदत केली.

फुगा हवा तिकडे वळवायचा कसा, याचंही उत्तर आन्द्रेंकडे होतं: दोर. जाडजूड दोर बर्फावरून फरफटत न्यायचे. त्यांच्या ओढीनं फुगा वाऱ्यापेक्षा हळू जातो, मग शिडात वारा भरतो आणि दिशा थोडी बदलता येते. ‘स्वेआ’ नावाच्या फुग्यातून त्यांनी नऊ उड्डाणं करून पाहिली होती. त्यातल्या एकात वाऱ्यानं त्यांना बाल्टिक समुद्रापार, थेट फिनलंडला नेऊन टाकलं. दिशेबद्दलचा त्यांचा विश्वास तरीही शाबूत राहिला.

[पॅरिसच्या कारखान्याचा फोटो.]

इथे जरा थांबू. सगळी गोष्ट या कापडात आहे.

रेशीम चिनी. शिवण पॅरिसची, लाशांब्र यांच्या कारखान्यातली. साडेवीस मीटर व्यासाचा फुगा, नाव ‘अर्नेन’, म्हणजे गरुड. एवढा गोल उभा करायचा तर पट्टीला पट्टी जोडायला हवी, आणि प्रत्येक टाक्याला सुईचं एक भोक. अशी सुमारे ८० लाख. छत्री आधी शिवणीवर गळते, हे आपल्याला पावसाळा शिकवतो. इथे तर आत पाणी नव्हतं, हायड्रोजन होता, सगळ्यांत हलका वायू. शिवणींवर रेशमाच्या पट्ट्या चिकटवल्या, वार्निशचे हात दिले. गळती थांबली नाही. आणि हा फुगा पॅरिसहून सरळ या किनाऱ्यावर आला. मधे एकदाही उडवून पाहिलेला नव्हता.

[१८९६ चा फोटो: मोहिमेची माणसं.]

हे निल्स एकहोल्म, हवामानशास्त्रज्ञ. १८८२-८३ मध्ये स्पिट्सबर्गनवरच्या स्वीडिश तळाचे प्रमुख हेच होते, आणि आन्द्रे तेव्हा त्यांच्या हाताखाली काम करत होते. या मोहिमेत नातं उलटं झालं: आन्द्रे प्रमुख, एकहोल्म सोबती.

१८९६ च्या उन्हाळ्यात हवा तसा दक्षिणेचा वारा वाहिलाच नाही. थांबलेल्या दिवसांत एकहोल्म फुगा मोजत बसले. रोज ६८ किलोंची उचल कमी होत होती. एवढं ओझं घेऊन फुगा फार तर १७ दिवस हवेत राहील, असा त्यांचा हिशेब. आन्द्रे ३० दिवस धरून चालले होते. आणखी मजबूत फुगा घ्या, नाहीतर मी येणार नाही, असं एकहोल्मनी सांगितलं.

मापांत मधेच काही आकडे जुळत नव्हते. का, ते परतीच्या बोटीवर मुख्य इंजिनिअरकडून कळलं: आन्द्रे अधूनमधून गुपचूप जास्तीचा हायड्रोजन भरायला सांगत होते!

एकहोल्म बाहेर पडले. वर्तमानपत्रं आन्द्रेंच्या बाजूनं उभी राहिली. रिकामी जागा क्नुत फ्रेंकेल या २७ वर्षांच्या इंजिनिअरनं घेतली. तिसरे सोबती होते निल्स स्ट्रिंडबर्ग, वय २४. कॅमेरा त्यांच्याकडे.

[११ जुलै १८९७. फुगा समुद्रावरून दूर जाताना.]

उड्डाण झालं आणि फुगा लगेच पाण्याकडे झुकला. दोरांच्या मळसूत्री जोडण्या पीळ बसून सुटल्या, ५३० किलो दोर मागे राहिला. घाबरून २१० किलो वाळू फेकली. इतका हलका झालेला फुगा ७०० मीटर वर गेला, आणि त्या विरळ हवेत शिवणींतून वायू अधिकच जोरात सुटू लागला. पुढे धुकं, ओल, त्याचं वजन.

तीस दिवसांच्या गप्पा चाललेल्या मोहिमेचा फुगा ६५ तास ३३ मिनिटांत बर्फावर होता. म्हणजे एकहोल्म यांचे १७ दिवसही उदारच ठरले. दोर गेले, धुकं आलं, खरंच आहे. पण अशा आपत्तीतून सावरायला जी शिल्लक लागते, ती या कापडात कधी नव्हतीच.

[फोटो: बर्फावर आडवा फुगा, समोर दोन माणसं.]

हा फोटो स्ट्रिंडबर्ग यांनी काढला. सात किलोंचा कॅमेरा खरं तर वरून नकाशे काढायला आणलेला.

[फोटो: गोळी घातलेलं अस्वल. फोटो: पाण्याच्या चिरेतून नेलेली होडी.]

जवळजवळ तीन महिने ते बर्फावर होते, आधी चालत, मग वाहत्या बर्फावर मुक्काम करून. पायाखालचा बर्फ उलटा वाहत होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्वितोया, म्हणजे पांढऱ्या बेटावर पोचले आणि थोड्याच दिवसांत तिघेही गेले. अस्वलाच्या मांसातले जंत, गारठा, स्टोव्हचा विषारी वायू, कारणांचे तर्क बरेच आहेत.

[१९३०. नॉर्वेचं जहाज ‘ब्रातवाग’.]

तेहतीस वर्षांनी, ६ ऑगस्ट १९३० ला, बर्फ वितळला होता म्हणून त्यांचा तळ दिसला. फिल्मसुद्धा सापडली. स्टॉकहोममध्ये योन हेर्ट्सबर्ग यांनी त्यातली ९३ चित्रं वाचवली. वरचे डाग पाण्याचे आहेत, ते आम्ही तसेच ठेवलेत.

एकहोल्म १९२३ मध्येच वारले. हा फोटो त्यांनी कधी पाहिला नाही.

[आडव्या फुग्याचा फोटो पुन्हा, पूर्ण पडदा. वीस सेकंद. निवेदन नाही.]