काई नाई करत, घरीच राह्यते

(राळेगाव तालुक्यातल्या एका गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘श्रमिक स्त्रियांच्या इतिहासकार अ‍ॅलिस केसलर-हॅरिस’. मघाशी चहा घेताना सरपंचसाहेब म्हणाले, “मॅडम, नाव जड आहे, थोडं कापसाच्या भावावरही बोलजा.” बोलते. इथं हवामानावर बोलायला घेतलं तरी गाडी कापसावरच येते.

पण आधी माझं एक पाप सांगते. १९९१ ची जनगणना. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते, आणि मोजायचं काम निघालं की मास्तर लोक आलेच. माणसं मोजा, मतदार मोजा, पोरं शिकवायचं जमलं तर बघू. फेब्रुवारी महिना. हरभरा सोंगणीला आलेला, कापसाच्या पऱ्हाटीवर फरतडीची शेवटची बोंडं. दिवसभर शाळा करायची आणि संध्याकाळी तक्ते घेऊन हिंडायचं. एका घरी धनी ओसरीत खाटेवर बसलेले. नाव झालं, वय झालं, शिक्षण झालं. बायको काय काम करते?

“काई नाई करत, घरीच राह्यते.”

लिहिलं मी. त्या तक्त्याचा हिशेब असा की वर्षात १८३ दिवस किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, त्याहून कमी केलं तर सीमांतिक, आणि काहीच नसेल केलं तर कामगारांत धरायचंच नाही. ही तिसऱ्यात गेली. मी पान उलटतेय तोवर फाटकातून तीच आली. डोक्यावर हरभऱ्याचा भारा, कमरेला विळा खोचलेला. भारा टेकवला आणि मलाच विचारते, “बाई, चाय मांडू काय?”

मी चहा घेतला. साखर जरा जास्तच होती, अजून आठवते. तक्ता मात्र दुरुस्त केला नाही. खाडाखोड दिसली की वरून बोलणी बसायची, आणि अजून अकरा घरं बाकी होती. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या कामकरी बायांचा जो काही आकडा त्या वर्षी लागला, त्यात निदान एक बाई माझ्यामुळे कमी आहे.

पुढे एम.ए. केलं, कॉलेजात इतिहास शिकवला, एका जुन्या जिनिंग कारखान्याच्या हजेरीपटांमागे लागले. त्यात गड्यांची नावं बापाच्या नावासकट, आणि खाली एका ओळीत ‘बाया १४’. घरी येऊन मी या पटावर तासभर आगपाखड केली. आमचे हे म्हणाले, “त्यानं निदान मोजल्या तरी.” (हशा) हसा, हसा. मी दोन दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. शेवटची एसटी आठची आहे. तर अ‍ॅलिसबाई.

जन्म १९४१, इंग्लंडातल्या लेस्टरचा, घर निर्वासितांचं. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठातून १९६८ साली पीएचडी. १९७५ च्या एका लेखात त्यांनी विचारलं, संघटित स्त्री कामगार गेल्या कुठे? तोवर म्हणत, बाया युनियनमध्ये येत नाहीत. यांनी दाखवलं की कितीतरी युनियननीच त्यांना दाराबाहेर ठेवलं. १९८२ ला ‘आउट टू वर्क’ हा अमेरिकेतल्या मजुरी करणाऱ्या बायांचा मोठा इतिहास आला. नंतर कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापकी, अमेरिकी इतिहासकारांच्या संघटनेचं अध्यक्षपद.

मला बोलायचं होतं ते सीअर्सच्या खटल्यावर. सीअर्स म्हणजे तिथली त्या काळची अवाढव्य दुकान-कंपनी. कमिशनवर महागडा माल विकायच्या, जास्त पैशाच्या नोकऱ्यांत बाया फार कमी घेतल्या, म्हणून नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या सरकारी आयोगानं १९७९ मध्ये दावा लावला. कंपनी म्हणे, बायांना त्या कामाची आवडच नाही. हे आपल्याकडे रोज ऐकू येतं. वेचणी बायांनाच जमते, त्यांची बोटं हलकी. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायला मात्र माणूस लागतो आणि त्याचा दरही वेगळा.

कंपनीकडून रोझालिंड रोझेनबर्ग या इतिहासकार उभ्या राहिल्या, आयोगाकडून अ‍ॅलिसबाई. त्यांचं म्हणणं सरळ होतं, समोर ठेवलंय त्यातूनच माणूस निवडतो, दार उघडलं तेव्हा बाया आत गेलेल्या आहेत. गंमत म्हणजे रोझेनबर्गबाईंनी अ‍ॅलिसबाईंच्याच लिखाणातले उतारे त्यांच्यावर उलटवले. आपल्या लिखाणाचा असा उपयोग होईल हे लिहिताना कोणाच्या ध्यानीमनी असतं? १९८६ ला निकाल कंपनीच्या बाजूनं लागला, १९८८ ला अपिलातही तोच राहिला.

आणि या खटल्यात आयोगानं साक्षीला आकडे आणले, तज्ज्ञ आणले. ‘मला ती नोकरी हवी होती, मिळाली नाही’ असं सांगणारी एक बाई आणली नाही. न्यायाधीशांनी ते निकालात नोंदवलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो गोड चहा आठवला. ती माझ्यासमोर उभी होती हो, हातभर अंतरावर. मी विचारलं खाटेवरच्याला.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला वाटतं. बाईची मजुरी कामावरून ठरत नाही, तिला किती पुरेल या समजुतीवरून ठरते, हा अ‍ॅलिसबाईंचा दुसरा मोठा मुद्दा. आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला, आणि बायांच्या निंदणाचा रोज आणि गड्यांच्या डवऱ्याचा रोज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. त्यावर पुढल्या वर्षी बोलवा. सरपंचसाहेब, भावाचं राहिलंच.