दहावी ‘ब’चा हजेरीपट

(दृश्य : हजेरीपटाचे पान, त्यावरून सरकणारे बोट)

सांगलीच्या गावभागातील एका शाळेचा हा १९८४-८५ सालचा हजेरीपट आहे. वर्ग दहावी, तुकडी ‘ब’. मुलांची नावे आडनावांच्या क्रमाने संपली की एक ओळ कोरी सोडायची आणि मग मुलींची नावे सुरू करायची, अशी तेव्हाची रीत होती; त्यामुळे १ ते ३६ मुलगे आणि ३७ ते ५४ मुली. गैरहजर असणाऱ्याच्या नावापुढे वर्गशिक्षक लाल शाईने ‘गै’ लिहीत. या ५४ जणांपैकी ११ जण आज हयात नाहीत. हे निवेदन लिहिणारा क्रमांक २६ आहे, आणि ही यादी तयार होईपर्यंत त्या अकरांतील सहाजण गेल्याचे त्यालाही ठाऊक नव्हते.

वर्गाचा व्हॉट्सॲप गट आहे. कुणी गेल्याचे कळले की त्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुविचार पूर्ववत सुरू होतात. यात कुणाचा दोष नाही. चाळीस वर्षे ज्याची गाठ पडली नाही, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखे आपल्याजवळ काही उरलेलेच नसते. म्हणूनच काही वर्गमित्रांनी या अकराजणांची माहिती शोधायची आणि शाळेच्या कार्यालयातून सुरुवात करायची असे ठरवले.

(दृश्य : आयर्विन पूल, खाली संथ कृष्णा, नंतर शाळेचा जिना)

१९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा गावभागातील अनेक घरांचे तळमजले बुडाले आणि भिंतींवरचे, पेट्यांमधले दहावीच्या वर्गाचे फोटोही गेले. शाळेचे जनरल रजिस्टर मात्र वाचले, कारण २००५ चा पूर पाहिलेल्या शिपाईमामांनी लाल रुमालांत बांधलेली सगळी दप्तरे पाणी यायच्या आधीच, एकट्याने, वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली होती. शाळेच्या समारंभांत त्यांच्या या कष्टांचा उल्लेख आजवर कुणी केल्याचे आठवत नाही, म्हणून तो येथे मुद्दाम करत आहोत.

रजिस्टरात नाव, जन्मतारीख, पूर्वीची शाळा आणि दाखला नेल्याचा दिवस असतो. अकरापैकी पाचजणांची जन्मतारीख १ जून आहे. पहिलीत नाव घालायला आलेल्या पालकांना नेमका दिवस सांगता आला नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. वाढदिवसाला आठवण काढायची म्हटले, तर या पाचजणांची एकाच दिवशी, आणि बहुधा चुकीच्या दिवशी, काढावी लागेल.

मृत्यूचे दाखले मिळाले, तरी त्यांतूनही फारसे हाती लागले नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार अशा दाखल्यावर मृत्यूचे कारण देता येत नाही. आम्हाला ही तरतूद पटली आणि आम्ही ती स्वतःलाही लावून घेतली. कुणाच्याही घरी गेल्यावर ‘कशाने गेले?’ असे विचारायचे नाही. ‘काय करत होते?’ एवढेच विचारायचे, असे ठरले.

(दृश्य : हरिपूर, पेवाचे तोंड, दोरीने खाली जाणारा कंदील)

क्रमांक १४ हरिपूरचा होता. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद साठवण्यासाठी जमिनीच्या पोटात पेवे खणलेली आहेत. पेवाचे तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढे असते आणि आत ते रांजणासारखे रुंद होत जाते. तोंड बंद केले की आत हवा जात नाही आणि हळदीला कीडही लागत नाही. मात्र पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. काही तास ते तसेच उघडे ठेवतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात, आणि कंदील विझला तर पुन्हा थांबतात. क्रमांक १४ हे काम वडिलांच्या हाताखाली शिकला होता. हजेरीपटात फेब्रुवारीच्या पानावर त्याच्या नावापुढे सलग नऊ ‘गै’ आहेत, ते हळदीच्या हंगामाचे. आम्ही तेव्हा त्याला दांडीबहाद्दर म्हणत होतो. २००५ च्या पुराने पेवांत पाणी शिरले आणि ते काम जवळजवळ थांबले. पुढे तो मार्केट यार्डात हमालीला गेला. पडद्यावर कंदील सोडताना दिसतात ते त्याचे धाकटे बंधू.

(दृश्य : शिलाई मशीन, मापांची वही)

मुलींचा शोध घेणे सर्वांत अवघड गेले. लग्नात आडनाव बदलते हे गृहीतच होते, पण क्रमांक ४१ हिचे पहिले नावही सासरी बदलले होते, त्यामुळे हजेरीपटातली मुलगी आणि मृत्यूच्या नोंदीतली बाई या दोघी एकच आहेत, हे कोणत्याही कागदावरून कळण्यासारखे नव्हते. तिच्या वडिलांचे वखारभागातले दुकान केव्हाच विकले गेले होते. शेजारच्या दुकानदारांनी तिच्या मावशींचा पत्ता दिला, मावशींनी विट्याचा दिला, आणि विट्यात तिच्या मुलीने ही वही समोर ठेवली. ती बावीस वर्षे शिवणाचा क्लास चालवत होती. छाती, कंबर, बाही, गळा. प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान. त्यातला पाय मोडलेला ‘र’ पाहून तिची बाकावरची मैत्रीण म्हणाली, “हिचंच आहे. या ‘र’साठी बाईंनी हिला शंभर ओळी लिहायला लावल्या होत्या.” माहेरचे नाव नोंदवून ठेवण्याची सोय आपल्या कागदपत्रांत असती, तर पाच महिन्यांचे हे काम एका दुपारी झाले असते.

गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी परराज्यात गेलेला क्रमांक ९, फौजेत गेलेला क्रमांक ३० आणि इतरांची माहितीही आम्ही या अकराजणांसाठी केलेल्या एका वेगळ्या वहीत उतरवली आहे. दोन घरांनी नको म्हटले, त्यांची पाने कोरी ठेवली आहेत. वहीची एक प्रत शाळेला दिली आहे.

(दृश्य : दहावी ‘ब’चा वर्ग, बाकांवर साठीकडे झुकलेली माणसे)

रविवार मिळाला नाही, म्हणून शनिवारी सकाळच्या शाळेत मधला एक तास मागून घेतला. ८४ वर्षांच्या वर्गशिक्षकांनी तोच हजेरीपट उघडून पहिल्या क्रमांकापासून हजेरी सुरू केली. अकरा क्रमांकही त्यांनी वगळले नाहीत. ते पुकारले गेले तेव्हाचा आवाज आम्ही होता तसाच ठेवला आहे. क्रमांक ४१ ला त्यांनी माहेरच्या नावाने हाक मारली आणि मागच्या बाकावरून तिची मुलगी उभी राहिली. ४७ पर्यंत पोहोचेतो सातवीची मुले दप्तरे घेऊन दाराशी आली होती, त्यामुळे उरलेली सात नावे सरांनी मैदानात, चिंचेखाली उभ्याने वाचली.