शिट्टी सिनेमाला की सुट्टीला?

नमस्कार. दिवाळीच्या तोंडावर वाचनालयात माणसं जमतात ती बहुधा दिवाळी अंकांसाठी. आजचा विषय पडद्याचा आहे. सुट्टीत येणारे मारधाडीचे सिनेमे आणि जुन्या अद्भुत मालिकांचे नवे अवतार, यांच्यावर लिहायचं कसं, एवढंच बोलायचं आहे.

हे दोन्ही विषय एकत्र घेतले, कारण दोघांकडे उसनं बळ असतं. सणाच्या सिनेमाला सुट्टी बळ देते आणि परत आलेल्या मालिकेला आठवण. खिशात बोनस, अंगावर नवे कपडे आणि शेजारी मामेभावंडं असली की पडद्यावर काहीही घडो, शिट्टी वाजते. लहानपणीची धून पुन्हा ऐकू आली की अंगावर काटा येतो, पण तो काटा नव्या दिग्दर्शकाने आणलेला नसतो. समीक्षा लिहायला बसताना आधी हे उसनं वजा करायचं आणि उरेल त्याच्यावर लिहायचं.

याचं जुनं उदाहरण म्हणजे ‘डाय हार्ड’ हा हॉलिवूडचा मारधाडीचा सिनेमा. गोष्ट नाताळच्या आदल्या संध्याकाळची, ऑफिसच्या पार्टीतली. आज जग त्याला नाताळचा सिनेमा मानतं. पण अमेरिकेत तो लागला जुलै १९८८ मध्ये, ऐन उन्हाळ्यात! म्हणजे सुट्टीचा टेकू नसताना तो उभा राहिला. कशावर? सुरुवातीला विमानातला सहप्रवासी नायकाला सांगतो की थकवा घालवायचा तर बूट-मोजे काढून पायाची बोटं गालिच्यात आवळायची. नायक ते करून बघतो, तेवढ्यात हल्ला होतो आणि गडी पुढचा सगळा सिनेमा अनवाणी लढतो. मग खलनायक हुकूम देतो, काचा फोडा. साध्या सल्ल्याची पेरणी कुठे झाली आणि काचांच्या खचात पीक कुठे आलं, हे दाखवता आलं की समीक्षा निम्मी झाली. सणाचा सिनेमा पाहताना वहीत दोन रकाने आखा, ‘पेरलं’ आणि ‘उगवलं’. पुष्कळदा पहिला रकाना रिकामाच राहतो आणि दुसऱ्यात एकदम हेलिकॉप्टर उगवतं.

आता कधी पाहायचं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी माणूस पेढीवर असतो आणि घरातली बाकी मंडळी पूजेच्या तयारीत. त्या खेळाला खुर्च्या रिकाम्या दिसल्या म्हणून ‘पिच्चर पडला’ असं लिहू नका. ‘टायगर ३’ तर १२ नोव्हेंबर २०२३ ला, नेमका लक्ष्मीपूजनाच्या रविवारीच लागला होता. उलट पाडव्याचं आणि भाऊबीजेचं भरलेलं थिएटर हीसुद्धा सिनेमाच्या गुणांची पावती नव्हे. जमलं तर दोनदा पाहा, एकदा पहिल्या दिवशी गर्दीत आणि एकदा पुढच्या बुधवारी दुपारच्या खेळाला. गर्दीतल्या खेळात कुठे शिट्ट्या पडल्या ते घड्याळ बघून टिपा. बुधवारी त्याच जागी तुमचं तुम्हाला काय वाटतं ते ताडून पाहा. दोनदा जाणं खिशाला परवडत नसेल तर बुधवारचाच खेळ धरा.

तिकिटाचा विषय निघालाच आहे म्हणून एक. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या कर्नाटक सरकारने तिकिटाला कर वगळून २०० रुपयांची मर्यादा घातली आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्यामुळे सणात चौघांचं कुटुंब किती खर्च करतं हे वाचकाला सांगणं तुमच्याच अंगावर आहे. प्रमाणपत्रही लिहा. २०२४ पासून ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे झालेत. ‘यूए १६+’ला दहा वर्षांच्या पोराला न्यायचं की नाही हे ठरवायचं आईबापांनी, पण रक्त किती आणि कसलं हे आधी कळायला नको का? ‘ए’ असेल तर प्रश्नच मिटला. दिवाळी, नाताळ, काही असो, अठराच्या आतल्याला प्रवेश नाही.

मारामारीकडे येऊ. ‘अॅक्शन जबरदस्त’ या दोन शब्दांत वाचकाच्या हाती काही लागत नाही. अंधारात वहीवर मोठ्या अक्षरात, एका ओळीत एकच शब्द लिहा, नाहीतर घरी आल्यावर स्वतःचंच अक्षर लागत नाही. एखादी मारामारी निवडा आणि मनातल्या मनात दहा सेकंद मोजा. त्यात दृश्य किती वेळा तुटलं? तीनचार वेळा तुटलं तर नट आणि फाइट मास्टर दोघांनी तालीम केलेली असते. दहाबारा वेळा तुटलं तर एक गोष्ट तपासा: ठोसा निघाला आणि लागला, हे एकाच तुकड्यात दिसतं का? हात निघतो एका तुकड्यात, समोरचा उडतो दुसऱ्यात, असं सतत होत असेल तर काहीतरी झाकलंय. नटाला तालीम मिळालेली नसते, किंवा डुप्लिकेटचा चेहरा लपवायचा असतो, किंवा सेन्सॉरच्या कात्रीनंतर जोड देता आलेला नसतो. नेमकं कोणतं कारण हे बाहेरून ठरवता येत नाही, म्हणून ते लिहू नका. जे दिसलं ते लिहा.

दुसरी तपासणी दिशेची. नायक डावीकडून उजवीकडे धावतोय आणि गुंड उजवीकडून येतोय, हे एकदा ठरलं की कॅमेऱ्याने दोघांमधली अदृश्य रेघ उगाच ओलांडायची नसते. ओलांडली की कोण कुणाच्या मागे लागलंय तेच कळेनासं होतं. प्रेक्षक म्हणतो ‘डोकं दुखलं’, समीक्षकाने का दुखलं ते सांगायचं.

स्लो मोशनचं गणित तर सोपं आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. ९६ ने चित्रण केलं की चौपट संथ. म्हणजे दहा सेकंदांची चाल चाळीस सेकंद चालते. नायकाची एंट्री, इंटरव्हलचा धमाका आणि शेवट, या तीन जागी ते शोभतं. चहाचा कप खाली ठेवतानाही ९६ लागलं की समजायचं, लांबी वाढवली जातेय. मध्यंतराबद्दल मात्र सांभाळून. आपल्याकडचा दिग्दर्शक मध्यंतर डोक्यात ठेवून बांधणी करतो, हॉलिवूडवाला करत नाही. इंग्रजी सिनेमा इथे कुठेतरी मधोमध थांबवला जातो. त्या तुटीचा दोष सिनेमाला देऊ नका.

आता आपल्या भागाला जे मिळालंय आणि पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला मिळत नाही, त्याच्याकडे वळतो. आपल्याला दोन कान आहेत. बेळगावात, निपाणीत, खानापुरात मराठी घरातल्या माणसालाही बाजारापुरती तरी कन्नड येते. ‘कांतारा’ कन्नडमध्ये ३० सप्टेंबर २०२२ ला, दसऱ्याच्या आठवड्यात लागला, हिंदी डब आला १४ ऑक्टोबरला. ते दोन आठवडे इथे मूळ आवाजच ऐकायला मिळाला. त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा भाग २ ऑक्टोबर २०२५ ला, विजयादशमीलाच आला, आणि अनेक भाषांत एकाच दिवशी. मारधाड, दैवत आणि जुन्या कथेचं मूळ, असे आजचे दोन्ही विषय त्या एका सिनेमात येतात.

इथे समीक्षेच्या माथ्यावर पहिली ओळ लिहायची ती ही की, कुठल्या भाषेतला पाहिला. कारण डब म्हणजे निम्मा नवा सिनेमा. कन्नडमध्ये माणसाला हाक मारायच्या रोजच्या पायऱ्या दोन, नीनु आणि नीवु. हिंदीत तीन, तू, तुम, आप. खलनायक ‘नीवु’ म्हणत गोड बोलतोय आणि एका वाक्यात ‘नीनु’वर घसरतो, तिथेच धमकी असते. हिंदीत आधीपासून ‘तुम’ चालू असेल तर ती धमकी ऐकूच येत नाही आणि पुढची मारामारी विनाकारण वाटते. मराठी कानाला तू-तुम्हीची सवय आहे, त्याला हे पटकन कळतं. दुसरं, ओठ. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटतात किंवा टेकतात. क्लोजअपमध्ये ओठ मिटले आणि आवाज ‘अ’चा आला की डब उघडा पडतो. चांगला अनुवादक तिथे मुद्दाम ‘म’चा शब्द शोधतो. तिसरं, बोली. पहिल्या ‘कांतारा’तली कन्नड किनाऱ्याकडची. आपल्या हुक्केरी-गोकाककडच्या कानाला तीही वेगळी लागते. म्हणून ‘मला कन्नड येते, तरी काही वाक्यं सुटली’ असं लिहायला लाजू नका. डबमध्ये सगळ्यांची बोली एकसारखी झाली का, राजा आणि रानातला माणूस एकाच हिंदीत बोलतायत का, हे मात्र नक्की नोंदवा. सोय म्हणून निपाणीकर तासाभरात कोल्हापूर गाठतो, पण तिथे बहुधा हिंदी डब हाती येतो, तेव्हा कन्नड पाहायचा असेल तर रस्त्याचं तोंड इकडे करा.

मालिकांकडे वळू. परत आलेल्या कथेचे तीन प्रकार, आणि त्यांना एकच फूटपट्टी लावली की लेख फसतो. एक, पुढची गोष्ट. दोन, आधीची गोष्ट. तीन, पहिल्यापासून नवी मांडणी. ‘विलो’ हा १९८८ चा सिनेमा, नोव्हेंबर २०२२ मध्ये आठ भागांच्या मालिकेत तो पुढे सरकला. इथे विचारायचं की मधली वर्षं पात्राच्या अंगावर दिसतात का. ‘द डार्क क्रिस्टल’ १९८२ चा, २०१९ मध्ये दहा भागांत त्याच्या आधीची कथा आली आणि तीही बाहुल्या वापरूनच. इथे शेवट प्रेक्षकाला ठाऊक असतो, मग उत्कंठा कशावर तोलली आहे ते शोधायचं. ‘पर्सी जॅक्सन’ २०१० च्या सिनेमात थोराड पोरगा होता. डिसेंबर २०२३ च्या मालिकेत तो कादंबरीसारखाच बारा वर्षांचा झाला. तिथे तुलना सिनेमाशी करायची की पुस्तकाशी? मालिका जे परत आणल्याचा दावा करते, त्याच्याशी.

घरचं उदाहरण हवं तर ‘चंद्रकांता’. देवकीनंदन खत्रींची कादंबरी १८८८ ची, दूरदर्शनवर मालिका १९९४ मध्ये, आणि २०१७ मध्ये दोन वाहिन्यांवर दोन नवे अवतार. कादंबरीत ऐयार, म्हणजे वेषांतरात मुरलेले हेर, वेष बदलतात, बेशुद्ध करतात, लखलखा हुंगवून शुद्धीवर आणतात. ती जादू हातकौशल्याची आहे, तिला सामान लागतं, वेळ लागतो, ती फसूही शकते. नव्या मालिकेत बोटातून निळा प्रकाश निघाला की सामानही गेलं आणि धोकाही गेला. अद्भुत कथेची परीक्षा घ्यायची ती इथे: जादूची किंमत कोण मोजतं? पहिल्या भागात नियम लिहून ठेवा आणि शेवटच्या भागात तो कुणी, कधी मोडला ते पाहा. नियम मोडायला हरकत नाही. पण मोडण्याआधी तशी वाट करून ठेवायला हवी.

प्रमाणाचंही बघा. दिवाळीत आपल्या गल्लीतल्या पोरांचा किल्ला आठवा. बुरुजापेक्षा मावळा उंच, तोफेपेक्षा वाघ मोठा, आणि कुणाची तक्रार नसते. मातीचा किल्ला सांगतोच की हा खेळ आहे. कोट्यवधी खर्चून खरं भासवायला निघालेल्या मालिकेला ती सूट नाही. ड्रॅगनची सावली जमिनीवर पडते का, पंखांच्या झपाट्याने धूळ उडते का, दहा हजारांचं सैन्य खातं काय, हे विचारायचं.

पाहण्याच्या सोयीबद्दल दोन शब्द. टीव्हीत चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग असते, ‘मोशन’ या नावाखाली कुठेतरी. ती बंद करा. तिने २४ चित्रांच्या मध्ये खोटी चित्रं घुसतात आणि महागडी मालिकाही रोजच्या सिरियलसारखी दिसते. एप्रिल २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा रात्रीच्या लढाईचा भाग फार अंधारा म्हणून जगभर ओरड झाली. त्यात चित्रणाचा वाटा होता, तसा दाबून पाठवलेल्या चित्राचा आणि घरच्या टीव्हीचाही. फोर-केला सेकंदाला साधारण १५ मेगाबिट लागतात. तुमची लाइन त्याच्या खाली असेल तर काळ्यात पट्टे दिसणारच. अंधाऱ्या प्रसंगावर टीका करण्याआधी खोलीतला दिवा घालवून, मोबाइलवर आणि टीव्हीवर, दोन्हीकडे तोच प्रसंग पाहा.

आठ भागांच्या मालिकेवर एक भाग पाहून निकाल देऊ नका. लिहायचंच असेल तर ‘तीन भाग पाहून’ असं स्पष्ट लिहा. एक प्रयोगही करा. मूळ कथा माहीत असलेला आणि अजिबात नसलेला, असे दोघे शेजारी बसवा. माहीत नसलेला दर पाच मिनिटांनी ‘हा कोण?’ विचारू लागला, तर मालिका आठवणीवर जगतेय.

लेख सहाशे शब्दांचा असेल तर कथेला दीडशेच्या वर देऊ नका, आणि मध्यंतरानंतरचं काही फोडू नका. तारीख, भाषा, थिएटर की घर, किती भाग, हे शीर्षकाखाली लिहा. तारीख लिहाच. ‘विलो’ ही मालिका मे २०२३ मध्ये डिस्नेने आपल्या मंचावरूनच काढून टाकली, सहा महिनेही झाले नव्हते. आता ती कशी होती हे सांगायला तेव्हा कुणीतरी बसून, वहीत टिपून लिहिलेलंच उरलंय.