पटकीच्या विषाचा शोध : डॉ. शंभुनाथ डे

पटकी झालेल्या रोग्याला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात आणि त्याच्या शरीरातील पाणी व क्षार इतक्या झपाट्याने निघून जातात की, वेळीच उपचार न मिळाल्यास काही तासांत मृत्यू ओढवतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात या रोगाचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जिवाणू रोग्यांच्या आतड्यांतून वेगळा केला आणि हा जिवाणू एखादे विष सोडत असावा, असा तर्कही मांडला. ते विष सिद्ध व्हायला मात्र तब्बल ७५ वर्षे लागली. ते सिद्ध केले त्याच शहरातील एका प्राध्यापकाने.

शंभुनाथ डे यांचा जन्म १९१५ चा, हुगळी जिल्ह्यातला. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले, लंडनमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली आणि १९४९ मध्ये ते कोलकात्याला परतले. पटकीचे रोगी तेथे नित्याचेच होते.

त्या काळी बहुतेक संशोधकांची अशी समजूत होती की, जिवाणू मेल्यावर त्याच्या शरीरातील विषारी द्रव्य रक्तात मिसळते आणि आतड्याचे अस्तर गळून पडते. त्यामुळे प्रयोगातील प्राण्यांच्या शिरेत किंवा उदरपोकळीत जिवाणू टोचले जात. प्राणी मरत, पण त्यांना जुलाब होत नसत. म्हणजे प्रयोगातला रोग आणि माणसाला होणारी पटकी यांचा मेळच बसत नव्हता. डे यांचे म्हणणे साधे होते: रोग आतड्याच्या पोकळीत होतो, तर तपासही तेथेच झाला पाहिजे.

१९५३ मध्ये त्यांनी आणि डी. एन. चटर्जी यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग असा होता. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्यात जिवाणूंचे संवर्धन, म्हणजे ज्यात जिवाणू वाढवले आहेत असा द्रव, टोचायचे आणि पोट शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्यासारख्या द्रवाने तट्ट फुगलेला असे. या प्रयोगाला महागडे यंत्र लागत नव्हते, लागत होता तो नेमका प्रश्न.

पुढची पायरी अधिक निर्णायक होती. संवर्धनातील सगळे जिवाणू गाळून काढल्यावर उरलेला निव्वळ द्रव बांधलेल्या आतड्यात सोडला, तरी आतडे तसेच फुगले. जिवाणू नसतानाही रोगाची खूण उमटते, याचा अर्थ जिवाणू जिवंतपणीच बाहेर विष सोडतो. हा शोधनिबंध मे १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला.

हे विष अस्तर सोलून काढत नाही, तर पेशींना क्षार आणि पाणी बाहेर फेकायला भाग पाडते, हे पुढील संशोधनातून उलगडले. साखर आणि मीठ एकत्र शोषून घेण्याची पेशींची क्षमता या रोगात टिकून राहते, म्हणूनच साखर-मिठाचे पाणी रोग्याला वाचवू शकते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महलनबीस यांनी याच उपायाने असंख्य जीव वाचवले.

डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले होते आणि १९७८ मध्ये पटकीवरील नोबेल परिसंवादाचे निमंत्रणही त्यांना आले. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र १९८५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांना सदस्यत्व दिले नाही, आणि या उपेक्षेचे समर्थन करणे कठीण आहे.