तेरावा मतदारसंघ

(दृश्य : लोखंडी खांबांवरून जाणारी मेट्रो, खाली बाजार)

न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग. वरून ७ नंबरची गाडी धडधडत जाते आणि रुळांच्या फटींतून खालच्या रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर उन्हाच्या पट्ट्या पडतात. चौऱ्याहत्तराव्या रस्त्याकडे वळलं, की साड्या, सोनं, डाळी-मसाले. पुढे कोरोना नावाच्या वस्तीकडे निघालं, की स्पॅनिश पाट्या. हा न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटचा, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचा, १३ वा मतदारसंघ.

सिनेटच्या जागा ६३, मुदत फक्त २ वर्षांची. इथे डेमोक्रॅटिक पक्षाचा एवढा जोर, की नोव्हेंबरची निवडणूक जवळपास ठरलेलीच असते. खरी लढत पक्षांतर्गत निवडणुकीत होते.

(दृश्य : मतपत्रिका)

मतपत्रिका कागदाची. नावाजवळचा लंबगोल पेनाने भरायचा आणि कागद स्कॅनरमध्ये सरकवायचा. क्वीन्समध्ये २०१३ पासून मतपत्रिकेवर बंगालीही आहे. पण या गल्ल्यांत राहणाऱ्या, राबणाऱ्या कितीतरी लोकांकडे नागरिकत्वच नाही. त्यांच्यासाठी कायदे होतात. मत मात्र शेजाऱ्याने द्यायचं.

होसे पेराल्टा २०१० च्या पोटनिवडणुकीत इथून निवडून आले. सिनेटवर गेलेले ते पहिले डॉमिनिकन वंशाचे सदस्य. कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी राज्याची आर्थिक मदत मिळावी, म्हणून त्यांनी ‘ड्रीम अ‍ॅक्ट’चं विधेयक लावून धरलं. मार्च २०१४ मध्ये ते मतदानाला आलं. बाजूने ३०, विरोधात २९. मंजुरीला हवी होती ३२. दोन मतांनी गेलं.

जानेवारी २०१७ मध्ये पेराल्टा ‘इंडिपेंडंट डेमोक्रॅटिक कॉन्फरन्स’ या गटात गेले. निवडून आलेले डेमोक्रॅट म्हणून, पण सिनेटमध्ये साथ रिपब्लिकनांना! तिकडे आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. आपल्या भागाला जास्त निधी मिळेल, अशी पेराल्टांची बाजू होती. पण ट्रम्प नुकतेच अध्यक्ष झालेले, स्थलांतरितांच्या घराघरांत धास्ती, आणि आपला माणूस पलीकडे जाऊन बसलेला. लोकांनी भर सभेत त्यांना जाब विचारला. मला तो राग रास्त वाटतो. ज्यांना मत देता येत नाही, त्यांचा आधार शेजाऱ्याने निवडून दिलेला माणूस असतो. तो हलला, की त्यांच्या हाती काही उरत नाही.

१३ सप्टेंबर २०१८. पक्षांतर्गत निवडणुकीचा दिवस. पेराल्टांसमोर होत्या जेसिका रामोस, कोलंबियातून आलेल्या आईवडिलांची क्वीन्समध्येच जन्मलेली मुलगी. गट एप्रिलमध्येच मोडला होता, पण लोक विसरले नव्हते. त्या दिवशी गटाच्या ८ पैकी ६ सदस्यांचा पराभव झाला. पेराल्टा त्या सहांत होते.

(दृश्य : रिकामं सभागृह. क्षणभर शांतता)

२१ नोव्हेंबरला, मुदत संपायला सव्वा महिना असताना, पेराल्टा गेले. वय ४७.

एका निर्णयावरून साऱ्या माणसाचं माप काढू नये, असं इथे फार वाटतं. गटात गेले तेही तेच आणि त्या मुलांसाठी वर्षानुवर्षं भांडले तेही तेच.

सिनेट आता डेमोक्रॅटांकडे आली होती. २३ जानेवारी २०१९ ला तेच विधेयक पुन्हा मतदानाला आलं. बाजूने ४०, विरोधात २०. तेराव्याच्या जागेवर आता जेसिका रामोस होत्या.

(दृश्य : कायद्याचं पहिलं पान)

१२ एप्रिलला गव्हर्नरची सही झाली. कायद्याचं नाव : होसे पेराल्टा न्यूयॉर्क स्टेट ड्रीम अ‍ॅक्ट.