पोटाला सवड द्या

श्रोतेहो, नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी यजमानांना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण अँटिबायोटिकचा कोर्स संपला तरी पोट काही जागेवर येईना. काही खाल्लं की फुगायचं. अशा वेळी घरची बाई करते तेच मी केलं. पौष्टिक म्हणून मूठभर बदाम आणि वाटीभर आंबट दही पहिल्याच दिवशी समोर ठेवलं. ती रात्र त्यांनी कळवळून काढली. पदार्थ चांगलेच होते, चुकलं माझं प्रमाण आणि माझी घाई. म्हणून आज बोलायचं आहे ते या पदार्थांच्या तयारीबद्दल.

आधी बदाम. रात्री कोमट पाण्यात किंचित मीठ घालून बदाम भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून द्या. भिजलेला बदाम चिमटीत धरून दाबला की सालीतून सुळकन बाहेर येतो, पांढराशुभ्र. भिजवल्याने सगळे दोष धुऊन जातात असं मी म्हणणार नाही. फायटिक अॅसिड, म्हणजे लोह-जस्तासारखी खनिजं अंगी लागू न देणारं द्रव्य, बदामात बऱ्यापैकी तसंच राहतं. पण बदाम मऊ होतो, साल निघते आणि तो गंधासारखा बारीक वाटता येतो. खरा फरक या वाटण्याने पडतो. अख्ख्या बदामाचे तुकडे नीट चावले गेले नाहीत, तर त्यांतलं बरंचसं तेल पेशींच्या भिंतींआडच अडकून राहतं आणि तसंच बाहेर पडतं. आजारी माणसाने दोन बदाम वाटून घेतलेले पुष्कळ झाले. भिजवून वाळवायचे असतील तर वैशाखातल्या उन्हात वाळवा, पावसाळ्यात त्या वाटेला जाऊ नका, बुरशी धरते. शेंगदाण्यांचंही तसंच. काळपट, सुरकुतलेला, खवट दाणा निवडून टाकाच. बुरशीचं विष भिजवून किंवा भाजून पुरतं जात नाही.

आता दही. दूध उकळून कोमट होऊ द्या. स्वच्छ धुतलेली करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं, की विरजण लावायला हरकत नाही. फार गरम दुधात विरजणातले जंतू मरतात, गार दुधात ते आळसावतात. थंडीत पातेलं पिठाच्या डब्यात किंवा दुलईत गुंडाळून ठेवा. अदमुरं दही चवीला गोड लागतं, पण पोट नाजूक असेल तर दही पुरतं लागू द्यावं. जितका वेळ जास्त, तितकी दुधातली साखर जंतू खाऊन टाकतात, आणि दूध न पचणाऱ्या बऱ्याच जणांनाही ते दही सोसतं. इल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांना १९०८ साली नोबेल मिळालं ते प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी; आंबट दुधातले जंतू आतड्याला उपकारक असतात, हा आग्रहही त्यांचाच.

आमच्याकडे खरं काम केलं ते आंबिलीने. रात्री दोन चमचे नाचणीचं पीठ पाव वाटी ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी उकळत्या पाण्यात सोडून, ढवळत ढवळत शिजवायचं. शिजताना ताकातले जंतू मरतात, हे लक्षात ठेवा. म्हणून आंबील कोमट झाल्यावरच वरून ताजं ताक आणि चिमूटभर जिरेपूड घाला. ताकाची कढी चविष्ट खरी, पण जिवंत जंतूंसाठी ती कामाची नाही.

कोबीही आंबवता येतो. एक किलो बारीक चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम मीठ चोळा. दहा मिनिटांत हाताखाली पाणी सुटतं. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा आणि कोबी त्या पाण्याखालीच राहील असं वजन ठेवा. रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत छान आंबट वास येतो. रंगीत, लोकरीसारखी बुरशी दिसली तर मात्र सगळं फेकून द्या, वरवर काढून खाऊ नका. रक्तदाब असेल तर हे मीठ हिशेबात धरा.

सुरुवात एका चमच्याने करायची. तीन दिवस बघायचं, पोट शांत असेल तरच दुसरा चमचा. केमोथेरपी चालू असेल, अवयव बदललेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आंबवलेलं काही देऊ नका. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर स्वयंपाकघरात उपाय शोधत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

यजमानांना एका चमच्यावरून वाटीभर ताकावर यायला सात आठवडे लागले. आता रात्री दूध कोमट झालं की तेच हात धुऊन ओट्याशी येतात, करंगळी बुडवून मोजतात आणि विचारतात, "उद्यासाठी विरजण राखून ठेवलंस ना?"