रायट ॲक्ट वाचला म्हणजे नेमकं काय केलं?

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात मुलगी शाळेतनं आली नि म्हणाली, आई, आज टीचरनी आख्ख्या वर्गाला रायट ॲक्ट वाचून दाखवला. इंग्रजीत असं म्हणतात, म्हणजे चांगलंच सुनावलं. सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा पोरांना कायदा कशाला शिकवतात गं? आणि मला वाटतं त्यांनी अगदी बरोबर पकडलं, कारण तो खरोखरचा कायदाच होता.

रायट म्हणजे दंगा, आणि हा दंग्याचा कायदा ब्रिटनमध्ये 1 ऑगस्ट 1715 पासून लागू झाला. बारा किंवा जास्त माणसं दंगा करत जमली की मॅजिस्ट्रेटने तिथे जाऊन ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा, राजाचा हुकूम आहे, पांगा, आणि शेवटी देव राजाचं रक्षण करो हेही म्हणायचंच. मग एक तास थांबायचं. त्यानंतरही जे तिथेच सापडतील त्यांना थेट फाशीपर्यंत शिक्षा. (आपल्याकडची जमावबंदी आठवली ना, तिथे आकडा पाचाचा.)

आपण मँचेस्टरमध्ये राहतो म्हणून हे सांगायलाच हवं, 16 ऑगस्ट 1819 ला इथल्याच सेंट पीटर्स फील्डवर मताचा हक्क मागायला हजारो लोक बायकापोरांसकट आले होते, मॅजिस्ट्रेट म्हणाले आम्ही ॲक्ट वाचला, पण कितीतरी लोकांनी सांगितलं आम्हाला ऐकूच आला नाही, आणि तासभर कोण थांबलं, त्याआधीच घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले, माणसं मेली. मला अजूनही त्या बाजूने जाताना कसंतरी होतं.

कायदा 1973 मध्ये पुस्तकातनं पार गेला, बोलण्यात मात्र राहिला. आपण त्याचा अर्थ सरळ खरडपट्टी काढणे असा करतो, पण मला ते पटत नाही. खरडपट्टी, कानउघाडणी, बिनपाण्याने करणं, हे सगळं झालेल्या चुकीबद्दल असतं. रायट ॲक्टमध्ये पुढचं असतं, आता बास, परत झालं तर बघा. म्हणून सज्जड दम देणं किंवा तंबी देणं जास्त जवळचं. आणि तो वरच्याने खालच्याला द्यायचा, म्हणजे मॅनेजरने टीमला, आईने पोरांना, उलट वापरला तर कानाला खटकतं.

मी मुलीला विचारलं, मग टीचरनी तास दिला का तुम्हाला?

म्हणाली, शुक्रवारपर्यंत दिलाय.